दार एकच होते, ते मुलींनी उघडले

२०२५ सालच्या जुलै महिन्याची ५ तारीख. थायलंडमधील चियांग माई या शहरात भारताच्या महिला फुटबॉल संघाने यजमान थायलंडचा २–१ असा पराभव केला आणि आशियाई महिला चषक स्पर्धेत जागा मिळवली. त्याच दिवशी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे आपल्या पुरुषांच्या क्रिकेट संघाचा कसोटी सामना चालू होता. घरोघरी चर्चा कोणत्या सामन्याची झाली असेल, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

क्रिकेटशी आमचे काही वैर नाही. परंतु चियांग माईत आपल्या मुलींनी जे केले, ते कसे केले, हे घरातल्या मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना कळले पाहिजे असे आम्हांस मनापासून वाटते. केवळ ‘भारत जिंकला’ एवढ्या एका ओळीत ही गोष्ट मावत नाही. यात मोठा पराक्रम आहे तसा बारीक हिशेबही आहे, आणि तो हिशेब समजून घेतला तरच पराक्रमाची खरी किंमत कळते.

गट म्हणजे काय?

ज्यांना फुटबॉलची फारशी माहिती नाही अशा वाचक भगिनींसाठी आधी थोडे सोपे करून सांगतो.

आशिया खंडातील देशांच्या महिला संघांची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे आशियाई महिला चषक. २०२६ सालची स्पर्धा ऑस्ट्रेलियात ठरली. तिच्यात जागा फक्त १२. त्यातील चार जागा आधीच भरलेल्या होत्या. ऑस्ट्रेलिया यजमान म्हणून, आणि २०२२ च्या स्पर्धेत पहिले तीन क्रमांक मिळवणारे चीन, दक्षिण कोरिया व जपान हे त्या कामगिरीच्या बळावर. राहिल्या आठ जागा. या आठ जागांसाठी ३४ देश रांगेत उभे होते.

या ३४ देशांचे आठ गट पाडण्यात आले. सहा गटांत चार-चार देश आणि दोन गटांत पाच-पाच. गटातल्या प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येक संघाशी एकदा खेळायचे. जिंकले तर ३ गुण, बरोबरी झाली तर १ गुण, हरले तर शून्य. शेवटी ज्याचे गुण सर्वांत जास्त तो संघ ऑस्ट्रेलियाला जाणार. दुसरा आलेला संघ घरी परतणार. दुसऱ्या क्रमांकाला येथे काहीही मिळत नाही, ही गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे नाट्य तिच्यामुळेच घडले.

भारत ‘ब’ गटात होता आणि हा गट पाच देशांचा होता. यजमान थायलंड, भारत, इराक, मंगोलिया आणि तिमोर-लेस्ते. गटातले सर्व सामने चियांग माई येथेच झाले.

थायलंड म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे विहार, स्तूप आणि काषाय वस्त्रातील भिक्खू उभे राहतात. चियांग माई हे त्या देशाच्या उत्तर भागातील जुने नगर. राजा मंगराय याने ते १२९६ साली वसवले. नगराला ७०० वर्षे होत आली तेव्हा १९९५ सालच्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांसाठी तेथे एक मोठे स्टेडियम बांधण्यात आले आणि त्याला ‘सातशेव्या वर्धापनदिनाचे स्टेडियम’ असेच नाव मिळाले. याच मैदानावर आपल्या मुलींची कसोटी लागली.

कागदावर कोण मोठे होते?

कागदावर पाहिले तर या गटाचा निकाल जणू आधीच लागलेला होता. जागतिक क्रमवारीत त्या वेळी थायलंडचा क्रमांक ४६ वा आणि भारताचा ७० वा होता. थायलंडच्या मुली २०१५ आणि २०१९ अशा दोन विश्वचषक स्पर्धा खेळून आलेल्या होत्या. आपला वरिष्ठ महिला संघ विश्वचषकाच्या मैदानावर तोपर्यंत एकदाही उतरला नव्हता. शिवाय मैदान थायलंडचे, हवा थायलंडची, प्रेक्षकही थायलंडचे.

भारताच्या पाठीशी इतिहास होता, परंतु तो फार जुना होता. १९७५ साली लखनौला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९८० साली, कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या आणि उपविजेत्या ठरल्या. १९८३ साली पुन्हा अंतिम सामना गाठला. तो सामना होता बँकॉकला आणि समोर होता थायलंडच. भारत ०–३ असा हरला. त्याच साली शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू होत.

म्हणजे महिलांचे फुटबॉल आपल्याकडे काल-परवा आलेले नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आपण आशियात दुसऱ्या क्रमांकावर होतो. पुढे इतर देशांनी मुलींसाठी मैदाने केली, प्रशिक्षक नेमले, शाळांतून संघ उभे केले, वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा ठेवल्या. आपल्याकडे मात्र मुली वाढत राहिल्या आणि त्यांच्यासाठीची व्यवस्था वाढली नाही. २००३ नंतर तर आशियाई चषकाचे दारच आपल्याला बंद झाले.

ही घसरण किती खोल होती ते एका उदाहरणावरून कळेल. २०१७ च्या एप्रिलमध्ये उत्तर कोरियातील प्याँगयांग येथे अशीच पात्रता फेरी झाली. भारत उझबेकिस्तानकडून १–७, उत्तर कोरियाकडून ०–८ आणि दक्षिण कोरियाकडून ०–१० असा हरला. हाँगकाँगविरुद्धचा २–० हा विजय तेवढा पदरात पडला. चार सामन्यांत भारतावर २५ गोल झाले. ही नामुष्की उगाळण्यासाठी आम्ही हे आकडे देत नाही. आठ वर्षांनंतरचा हिशेब वाचताना ते शेजारी ठेवता यावेत, एवढाच हेतू आहे.

तेरा गोल कशासाठी?

२३ जून २०२५ रोजी भारताचा पहिला सामना मंगोलियाशी झाला. भारताने तो १३–० असा जिंकला. प्यारी खाखा हिने एकटीने पाच गोल केले. सौम्या गुगुलोथ आणि प्रियदर्शिनी सेल्लादुराई यांनी प्रत्येकी दोन, तर संगीता बासफोर, रिम्पा हलदर, मालविका आणि ग्रेस डांगमेई यांनी एकेक गोल केला.

असा निकाल वाचला की काही जणांना प्रश्न पडतो. पाच-सहा गोल झाल्यावर सामना तर जिंकलेलाच असतो. मग समोरच्या दुबळ्या संघावर आणखी गोल का लादायचे? यात मोठेपणा तो कसला?

प्रश्न माणुसकीचा आहे आणि तो विचारणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. परंतु याचे उत्तर गटाच्या नियमांत आहे. दोन संघांचे गुण सारखे झाले आणि त्यांच्या आपसातल्या सामन्यानेही निवाडा झाला नाही, तर गोलांचा फरक पाहतात. म्हणजे केलेल्या गोलांतून झालेले गोल वजा करायचे आणि जो आकडा जास्त तो संघ वर. म्हणून पहिल्या दिवशीचा तेरावा गोल हा त्या दिवसापुरता नसतो. तो पुढच्या अडचणीच्या दिवसासाठी बाजूला टाकलेला असतो.

बचत गट चालवणाऱ्या आमच्या भगिनींना हे समजावून सांगावे लागणार नाही. आजारपणात किंवा मुलाच्या फीसाठी जी रक्कम ऐनवेळी हाती येते, ती त्या दिवशी आकाशातून पडत नाही. महिन्यामागून महिना टाकलेल्या थोड्या थोड्या पैशांचीच ती झालेली असते. ज्या महिन्यात गरज नव्हती त्या महिन्यातही हप्ता टाकला, म्हणून गरजेच्या महिन्यात ती उपयोगी पडते. आपल्या मुलींनी मंगोलियाविरुद्ध नेमके हेच केले.

गट पाच देशांचा असल्याने प्रत्येक फेरीला एका संघाला विश्रांती मिळत होती. दुसऱ्या फेरीत ती भारताच्या वाट्याला आली. मग २९ जूनला तिमोर-लेस्तेशी गाठ पडली. भारताने ४–० असा विजय मिळवला. मनीषा कल्याणचे दोन आणि अंजू तमांग व लिंडा कोम यांचा एकेक गोल. तिसऱ्याच दिवशी, २ जुलैला, इराकशी सामना झाला. तो ५–० असा जिंकला. संगीता, मनीषा, कार्तिका अंगमुथू, निर्मला देवी आणि रतनबाला देवी अशा पाच जणींनी पाच गोल वाटून घेतले.

तीन सामने, तीन विजय, नऊ गुण, २२ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही.

बावीस आणि बावीस

आता थायलंडकडे पाहू. त्यांनीही मंगोलियाला ११–०, इराकला ७–० आणि तिमोर-लेस्तेला ४–० असे हरवले होते. वाचकांनी बेरीज करून पाहावी. २२ होते! गुण नऊ आणि त्यांच्यावरही एकही गोल नाही. शेवटच्या दिवशी दोन्ही संघ तराजूच्या दोन पारड्यांसारखे अगदी समसमान होते.

सारेच सारखे असल्यामुळे नियम असा होता की हा शेवटचा सामना बरोबरीत सुटला तर लगेच पेनल्टी शूटआऊट घ्यायचे आणि त्यात जो जिंकेल तो ऑस्ट्रेलियाला जाईल.

आता तो तेरावा गोल आठवून पाहावा. समजा, मंगोलियाविरुद्ध दहा गोल झाल्यावर आपल्या मुलींनी ‘पुरे झाले’ म्हणून पाय आखडता घेतला असता. मग भारताचे १९ गोल आणि थायलंडचे २२ असा हिशेब झाला असता. अशा वेळी थायलंडला नुसती बरोबरी पुरली असती. त्यांनी सारा संघ मागे ओढून बचाव केला असता आणि आपल्या मुलींना मात्र जिंकलेच पाहिजे या ओझ्याखाली खेळावे लागले असते. ते तीन गोल हातात होते, म्हणून शेवटच्या दिवशी थायलंडला कोणतीही सवलत राहिली नाही. परक्या मैदानावरही सामना खऱ्या अर्थाने बरोबरीच्या पायावर सुरू झाला.

५ जुलैच्या त्या सामन्यात २८ व्या मिनिटाला संगीता बासफोरने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि भारत पुढे गेला. मध्यंतर झाले. खेळ पुन्हा सुरू होताच, ४७ व्या मिनिटाला, थायलंडच्या चॅचवान रॉडथाँगने बरोबरी साधली. संपूर्ण फेरीत भारतावर झालेला हा पहिला आणि एकमेव गोल.

आमच्या मते खरी परीक्षा येथे होती. परका प्रेक्षक पेटलेला, समोरचा संघ अनुभवी, हातची आघाडी गेलेली. अशा वेळी संघ घाबरून विस्कळीत होतात, हे आपण अनेक खेळांत पाहिले आहे. आपल्या मुली विस्कळीत झाल्या नाहीत. पुढची सत्तावीस मिनिटे त्या टिकून राहिल्या, आणि ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीतानेच गोल केला. भारत २, थायलंड १. मग शेवटपर्यंत ती आघाडी स्वीटी देवीच्या नेतृत्वाखालील संघाने सोडली नाही.

चार सामने, १२ गुण, २४ गोल केले, एक गोल झाला. प्याँगयांगचे आकडे आता शेजारी ठेवून पाहावेत. अर्थात समोरचे संघ तेच नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे. दोन्ही कोरियांशी खेळणे आणि मंगोलियाशी खेळणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु थायलंडला त्यांच्याच घरी हरवण्यात कसलीही सवलत नव्हती. १९८३ साली जेथल्या भूमीवर अंतिम सामना हरलो होतो, तेथेच ४२ वर्षांनी हे घडले.

मिळालेली जागा आणि मिळवलेली जागा

काही वाचक म्हणतील, भारत २०२२ सालीही आशियाई चषकात होताच ना? होता. किंबहुना ती स्पर्धा आपल्याच महाराष्ट्रात झाली. मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याच्या बालेवाडीला सामने झाले. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता.

त्या वेळी काय झाले ते विसरण्यासारखे नाही. २० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि इराण यांची ०–० अशी बरोबरी झाली. मग संघात करोनाची लागण पसरली. २३ जानेवारीला चिनी तैपेईशी सामना होता, पण नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान १३ निरोगी खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. सामना झाला नाही, भारताने माघार घेतली असे धरण्यात आले आणि खेळलेला सामनाही हिशेबातून पुसला गेला. आपल्याच अंगणातल्या समारंभातून आपल्याच लेकींना असे बाहेर पडावे लागले. ज्या मुलींनी त्या दिवसासाठी वर्षानुवर्षे घाम गाळला होता, त्यांच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पना कोणाही आईला करता येईल.

यजमान म्हणून मिळालेली जागा कमी प्रतीची असते असे आम्ही म्हणत नाही. तो नियमच आहे आणि सर्वच देश त्याचा लाभ घेतात. पण चियांग माईची जागा वेगळ्या जातीची आहे. पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात पोहोचण्याची ही भारताच्या महिला संघाची पहिलीच वेळ. ती कोणी दिलेली नव्हती, म्हणून ती कोणाच्या उपकाराचीही नव्हती. गटात पाच देश होते, दार एकच होते, आणि ते आपल्या मुलींनी स्वतः उघडले. स्वतःच्या कष्टाने मिळवलेल्या जागेवर बसताना माणसाची मान कशी ताठ राहते, हे आमच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

पुढे ऑस्ट्रेलियातील १ ते २१ मार्च २०२६ या स्पर्धेसाठी भारताच्या वाट्याला जपान, व्हिएतनाम आणि चिनी तैपेई यांचा गट आला. जपानने २०११ सालचा विश्वचषक जिंकलेला आहे. तिथला हिशेब निराळा. पण त्या पंगतीत आपले नाव लिहिले गेले ते चियांग माईच्या चार सामन्यांमुळे, ही नोंद कोणत्याही निकालाने पुसली जाणार नाही.

शेजारच्या घरीही दिवा लागला

याच फेरीत आणखी एक घटना घडली. तीही आमच्या वाचकांना कळवावीशी वाटते. आपला शेजारी बांगलादेश ‘क’ गटात होता आणि त्या गटाचे सामने म्यानमारमधील यांगून येथे झाले. बांगलादेशच्या मुलींनी बहरीनला ७–० असे हरवले आणि २ जुलैला यजमान म्यानमारवर २–१ असा विजय मिळवला. त्याच दिवशी त्यांची जागा पक्की झाली. आशियाई चषकात प्रवेश मिळवण्याची बांगलादेशची ही पहिलीच वेळ.

म्यानमारविरुद्धचे दोन्ही गोल ऋतुपर्णा चकमा हिने केले. ही मुलगी रांगामाटी या डोंगराळ भागातली. चकमा हा चितगावच्या डोंगरी मुलखातला, प्रामुख्याने बौद्ध असलेला समाज. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या वाड्यावस्त्यांतून अशा मुली येतात आणि साऱ्या देशाला दार उघडून देतात. तीन दिवसांच्या अंतराने, दोन शेजारी देशांत, एकाच मुलीच्या दोन गोलांनी २–१ असा विजय मिळावा आणि तोही यजमान देशाविरुद्ध, हा योगायोग खरा. परंतु त्या दोन मुली तेथवर पोहोचल्या हा योगायोग नव्हे.

या मुली कुठल्या?

आता आपल्या संघाकडे पुन्हा वळू. चार सामन्यांतले २४ गोल किती जणींनी केले? आम्ही मोजले. तेरा जणींनी! एकटी एखादी नामांकित खेळाडू आणि बाकीच्या तिच्या मागे धावणाऱ्या, असा हा संघ नव्हता. प्यारी खाखाचे सर्वाधिक पाच गोल, पण त्या पाचांनी थायलंड हरले नाही. संगीताचे चार, पण तिचे शेवटचे दोन गोल मोलाचे ठरले ते आधी इतरांनी टाकलेल्या हप्त्यांमुळे. प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री यांनी घडवलेल्या या संघाचे बळ असे वाटलेले होते.

या तेरा जणी कोणत्या राज्यांतल्या तेही पाहण्यासारखे आहे. ग्रेस, लिंडा, निर्मला आणि रतनबाला या चौघी मणिपूरच्या. संगीता, अंजू आणि रिम्पा या तिघी पश्चिम बंगालच्या. प्रियदर्शिनी आणि कार्तिका तामिळनाडूच्या. प्यारी ओडिशाची, सौम्या तेलंगणातील निजामाबादची, मालविका केरळच्या कासरगोडची आणि मनीषा पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यातल्या मुग्गोवाल या खेड्यातली. याच मनीषाने २०२२ साली सायप्रसच्या क्लबकडून खेळताना युरोपातील महिला चॅम्पियन्स लीगच्या मैदानावर पाऊल ठेवले. असे करणारी ती पहिली भारतीय.

संगीता बासफोर ही पश्चिम बंगालमधील नदिया जिल्ह्यातल्या कल्याणी गावची. ती सशस्त्र सीमा बल या केंद्रीय दलात नोकरीला आहे. खेळाने तिला केवळ टाळ्या दिल्या नाहीत, स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधनही दिले. रेल्वे, पोलीस आणि केंद्रीय दले यांत खेळाडूंसाठी जागा असतात, ही गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. म्हणून ती मुद्दाम येथे नोंदवतो.

आणि मणिपूर? तेथल्या ओइनम बेंबेम देवी यांनी १९९५ पासून दोन दशके देशासाठी खेळून २०१७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२० साली पद्मश्री मिळवली. एक मुलगी पुढे गेली की तिच्या मागे गल्लीतल्या दहा मुली मैदानावर येतात. मणिपूरमध्ये हे घडले आहे. मुलगी फुटबॉल खेळते याचे तेथे कोणाला नवल वाटत नाही.

या यादीत महाराष्ट्राचे नाव नाही. गोल करणाऱ्या तेरा जणींत आपल्या राज्याची एकही मुलगी नाही. स्टेडियम आपल्याकडे आहेत. आशियाई चषक आपल्याकडे झाला. १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामनेही २०२२ साली नवी मुंबईला आणि शेजारच्या गोव्याला झाले. मग उणीव कसली?

उणीव घरातच नाही ना?

आम्ही जे पाहतो ते स्पष्टच सांगतो. आपल्या वस्तीतली मुलगी नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत मुलांबरोबर चेंडूमागे धावते. बारा-तेरा वर्षांची झाली की तिला हाक येते, “आता पुरे झालं, घरात ये.” भाऊ मैदानावरच राहतो. ती भांड्यांपाशी येते. मासिक पाळी सुरू झाली, आखूड चड्डीत पाय दिसतात, ऊन लागून रंग काळवंडेल, लग्नात अडचण येईल, लोक काय म्हणतील, अशी एक ना अनेक कारणे सांगितली जातात. यातले एकही कारण मुलीच्या अंगात खेळ नाही हे सिद्ध करत नाही. ही सगळी आपल्या भीतीची कारणे आहेत.

काही अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्यांना भीती म्हणून उडवून लावता येणार नाही. मैदान दूर असते. परत यायला अंधार पडतो. बुटांना पैसे लागतात. खेळणाऱ्या मुलीला दूध, अंडी, कडधान्ये, भाकरी पोटभर मिळावी लागते. कपडे बदलायला आडोसा नसतो, स्वच्छतागृह नसते. या अडचणी एकट्या आईच्या डोक्यावर टाकून चालणार नाहीत. चार घरांनी मिळून चार मुली एकत्र पाठवल्या तर येण्याजाण्याची धास्ती कमी होते. वस्तीतल्या मंडळांनी उत्सवाच्या खर्चातून दोन चेंडू आणि काही बुटांचे जोड घेतले तर उत्सवाची शोभा उणावणार नाही. शाळेच्या मैदानाची संध्याकाळची वेळ मुलींसाठी राखून ठेवा, अशी मागणी महिला मंडळांनी मुख्याध्यापकांकडे लेखी करावी. आणि वडिलांनी आठवड्यातून एकदा तरी स्वतः मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहावे. बाप उभा आहे हे दिसले की टवाळखोरांची तोंडे आपोआप बंद होतात.

प्रत्येक मुलगी देशासाठी खेळेल असे नाही. तसे कोणी सांगत असेल तर तो फसवतो आहे असे समजावे. शंभरांतील नव्याण्णव मुली देशाच्या संघापर्यंत जाणार नाहीत. पण हरल्यावर पुन्हा उभे राहणे, दुसरीला चेंडू देणे, आघाडी गेली तरी डोके शांत ठेवणे, या गोष्टी त्या शंभरही जणी शिकतील. पुढे नोकरीत, संसारात, अन्यायाच्या प्रसंगी त्या त्यांच्या कामी येतील. ४७ व्या मिनिटाला बरोबरी झाल्यावर पुढे काय करायचे, हा प्रश्न केवळ फुटबॉलचा नाही. तो प्रत्येकीच्या आयुष्यात कधी ना कधी येतोच.

चियांग माईच्या गटात शेवटच्या दिवशी २–१ असा जो निकाल लागला, त्याची तयारी २३ जूनच्या पहिल्या गोलापासून झाली होती. आणि त्या पहिल्या गोलाची तयारी त्याही कितीतरी आधी, मणिपूरच्या, बंगालच्या, ओडिशाच्या लहान लहान घरांत झाली होती. कोणा आईने, कोणा बापाने संध्याकाळी पाच वाजता मुलीला “जा, खेळून ये” असे म्हटले होते. तो पहिला हप्ता होता.

आपल्या घरातल्या मुलीच्या नावाने हा हप्ता आपण टाकला आहे का, हे प्रत्येक आईवडिलांनी एकदा स्वतःला विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.